लाइट आली त्या गुरुवारची यादी

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले. तेव्हा वेलांटी चुकली, ओळ खाली घसरली तर माफी असावी. कोणाची माफी मागते तेही मला ठाऊक नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. सुनेच्या कॉलेजातल्या वह्यांत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. मनातली भीती अजून पुरती गेली नाही, ती कागदावर उतरली तर बरं वाटेल असं वाटतं.

आमची बागायत कारंजा शहराला लागून आहे. वांगी, मेथी, पालक, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. नवरा गेल्यापासून वाफे मी बघते आणि मुलगा टेम्पो चालवतो. आमचा माल, आजूबाजूचा माल आणि धनजकडच्या शेतकऱ्यांचा माल तो शहरातल्या अडतीवर नेतो. अडतीच्या मालकाला सगळे चाचा म्हणतात. वयानं माझ्याएवढेच आहेत, पण मीही चाचाच म्हणते, तेही मनात. समोर बोलायची माझी कधी हिंमत झाली नाही.

सून मेडशीची. अमरावतीला राहून कॉम्प्युटर शिकली. लग्नानंतर वर्षभरात तिनं चाचांच्या अडतीसाठी एक प्रोग्रॅम बनवला. कोणाचे किती कॅरेट, म्हणजे मालाच्या प्लास्टिकच्या पेट्या, आले ते दुकानातले मुनीमजी मोबाइलवर भरायचे आणि आमच्या घरी लॅपटॉपवर ते दिसायचं. भरायचं पान तयार झालं होतं. पैसे कोणाला द्यायचे त्याची यादी काढायचं आणि दिल्याची खूण करायचं पान मात्र व्हायचं होतं. ते काम ती काळ्या पडद्यावर हातानं ओळी लिहून करायची. दर गुरुवारी सकाळी ती यादी काढून मुनीमजींना फोनवर वाचून दाखवायची. मुनीमजी एकेकाचे पैसे पाकिटात घालून वर नाव लिहायचे. जवळचे लोक दुकानात येऊन घेऊन जायचे, लांबच्या गावांची पाकिटं संध्याकाळी मुलाच्या टेम्पोतून जायची. शुक्रवारी अडत बंद, म्हणून गुरुवार.

तिला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी जायची वेळ आली. आमच्याकडे पहिली खेप माहेरीच असते. पान पूर्ण करायला तिला बसवत नव्हतं, पाय सुजायचे. मग तिनं मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "आई, तीनच ओळी हायेत. तुमी करसान."

मी घाबरले. इंग्रजी अक्षरं मला ओळखता येतात, मुलगा पहिलीत असताना त्याच्याबरोबर गिरवली होती. पण अक्षरं ओळखणं वेगळं आणि चाचांच्या अडतीचा व्यवहार वेगळा. ती म्हणाली, घाबरू नका, आधी समजून घ्या. डेटाबेसची बोली वेगळी असते, पण ती आपल्याला शिकावी लागत नाही. आपण पायथनमध्ये विचारायचं, मधला माणूस त्या बोलीत विचारून उत्तर आणून देतो. विचारायचं ते साच्याला.

"साचा म्हणजे शेवेचा असते तसा?" मी विचारलं.

"तसाच. शेतकरी हा एक साचा, माल हा दुसरा. हर एक कॅरेट मालाच्या साच्यातून निघते. आता सगळ्या कॅरेटांचं विचारायचं असलं तर एका कॅरेटले विचारून काय भेटन? साच्यालेच विचारा लागते."

म्हणून आधी साच्याचं नाव लिहायचं, माल. मग टिंब, मग ऑब्जेक्ट्स, परत टिंब, मग फिल्टर, आणि कंसात काय पाहिजे ते, म्हणजे ज्याचे पैसे दिलेले नाहीत तो. या सगळ्याला तिनं यादी असं नाव द्यायला लावलं. दुसऱ्या ओळीत त्या यादीतलं एकेक नाव घेऊन पडद्यावर दाखवायचं. तिसऱ्या ओळीत यादी, टिंब, अपडेट, आणि कंसात पैसे दिले अशी खूण. मी त्या ओळी बोटानं गिरवून पाठ केल्या. तिनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, फिल्टरशिवाय अपडेट कधी मारायचं नाही, नाहीतर सगळ्या शेतकऱ्यांचे सगळे पैसे दिल्यासारखे दिसतील. ती भीती माझ्या डोक्यात इतकी बसली की भाकरी थापताना मी मनात म्हणायचे, आधी फिल्टर, मग अपडेट.

जाण्याआधी दवाखान्यात दाखवलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ आडवं आहे, फिरलं नाही तर ऑपरेशन करावं लागेल, पैशांची तयारी ठेवा. आम्ही सहा-सात महिन्यांपासून थोडे थोडे बाजूला टाकत होतो. ते पैसे माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत कपाटात होते. मुलानं तिला एसटीत बसवून मेडशीला पोचवलं आणि लॅपटॉप माझ्याजवळ राहिला.

पहिले गुरुवार बरे गेले. एकेका अक्षराला वेळ लागायचा, चुकलं की तांबड्या ओळी यायच्या आणि मी पहिल्यापासून परत टाइप करायची. पण यादी यायची. मुनीमजींना वाचून दाखवताना माझा आवाज इतका बारीक निघायचा की ते म्हणायचे, "भाभी, जरा जोरात, इथं टमाटरचा लिलाव चालू हाये." दुपारच्या आधी त्यांचा फोन यायचा, पाकिटं बांधून झाली म्हणून. मग मी तिसरी ओळ मारायची, लॅपटॉप बंद करायची आणि देवाला हात जोडायची.

मग तो गुरुवार आला. आमच्या भागातली शेतीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळालेली होती आणि दोन-तीन दिवस विहिरीवरच्या मोटारीला लाइट नव्हती. मेथीनं माना टाकल्या होत्या. सकाळी मी यादी काढली, मुनीमजींना वाचून दाखवली आणि त्यांच्या फोनची वाट बघत बसले. तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा झाला, लाइट आली, लाइट आली. बागायतीत असं झालं की हातातलं काम जिथल्या तिथं टाकून पळायचं असतं. ती कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि एकाच वेळी सगळ्यांच्या मोटारी सुरू होतात. मी लॅपटॉप तसाच उघडा टाकला, मोबाइल तिथंच राहिला, आणि विहिरीवर गेले. वाफ्यामागून वाफा पाणी देत राहिले. जेवायलासुद्धा घरी आले नाही.

परतले तेव्हा उन्हं उतरली होती. मोबाइलवर मुनीमजींचे कॉल येऊन गेले होते. मी फोन केला तर म्हणाले, पाकिटं कधीचीच झाली, तुमच्या पोराजवळ धनजची देऊन पण टाकली. मी हात धुऊन बसले. इतका वेळ गेला म्हणून मनात शंका आली, एकदा बघून घ्यावं. दुसरी ओळ पुन्हा मारली, यादी पुन्हा पडद्यावर आणली. सकाळचीच होती, तीच नावं, तेच कॅरेट. माझं समाधान झालं. तिसरी ओळ मारली. खाली एक आकडा उमटला. तो दर वेळी उमटायचा, तो कशाचा ते मी कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मुलगा धनजहून आला तो जेवायला बसेना. मी दोनदा विचारल्यावर बोलला. धनजच्या लोकांना पाकिटं पोचली होती, पण हलकी. मागच्या गुरुवारी दुपारी त्यांनी जो माल दिला त्याचे पैसे त्यात नव्हते. त्यांनी मुनीमजींना फोन लावला. मुनीमजींनी बघून सांगितलं, तो माल तर दिलेल्यात दिसतो, गेल्या गुरुवारीच पाकिटं टेम्पोत गेली. मग सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. त्यातला एक जण चारचौघांत म्हणाला, "टेम्पोचा हप्ता थकला काय बे तुया? सांगून घेतले असते तर आमी उधार देल्ले असते."

"तू काय बोलला?" मी विचारलं.

"काय बोलू? जे पाकीट भेटलं ते देल्लं म्हटलं. कोणी आयकूनच नाई राह्यलं. फोनवर चाचा पण व्हते, त्यायनं पण मले काही विचारलं नाई."

मला त्या रात्री झोप आली नाही. चूक कुठं झाली ते मला कळत नव्हतं. मी फिल्टर मारलं होतं, यादी दोनदा पाहिली होती, तिच्यात त्या दुपारचा माल नव्हता हे मला पक्कं आठवत होतं. मग मशीनमध्ये तो दिलेला कसा दिसत होता? मी काही बिघडवलं असेल ही धास्ती तर होतीच, त्याहून मोठी धास्ती दुसरीच. टेम्पोवाल्यानं पैसे खाल्ले असं एकदा झालं की कोणी त्याच्या हाती माल देत नाही. सुनेला विचारावं तर तिचे दिवस भरत आलेले, अशा वेळी तिच्या डोक्याला ताप कशाला. आणि चाचांशी बोलायचं म्हटलं तर मी आजवर त्यांच्यासमोर एक शब्द काढला नव्हता.

सकाळी मी कपाट उघडलं. शालूच्या घडीतले पैसे काढले आणि मुलाच्या हातात दिले. म्हटलं, ज्याचे जितके होतात तितके देऊन ये. पैसे हातात धरूनच त्यानं विचारलं, "आन तिचं काय? आडवं हाये लेकरू." मी म्हटलं, बघू.

मला वाटलं होतं, पैसे पोचले की तोंडं बंद होतील. झालं उलटंच. धनजला बोलणं सुरू झालं की खाल्ले होते म्हणूनच तर काढून दिले, नसते खाल्ले तर कोण आपल्या घरचे देतं. दोघांनी आपला माल दुसऱ्या गाडीनं पाठवायला सुरुवात केली. चाचांनी मुलाला बोलावून एवढंच विचारलं की पैसे दिलेस हे खरं काय. तो हो म्हणाला. त्यावर ते काही बोलले नाहीत आणि तेच मुलाला जास्त लागलं.

दोन-तीन दिवसांनी मेडशीहून फोन आला. सुनेची आई बोलत होती. दवाखान्यात नेलं होतं, बाळ अजून फिरलेलं नाही, पुढच्या सोमवारी भरती व्हायचं आहे, भरती करतानाच अर्धे पैसे भरावे लागतील. मी हो हो म्हणत होते आणि कपाटाकडे बघत होते. शेवटी मीच म्हणाले, जरा तिच्याजवळ फोन द्या.

मी तिला सगळं सांगितलं. मध्ये मध्ये रडायला येत होतं. मला वाटलं ती रागावेल, किंवा घाबरेल, आणि तिला काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवणार? पण सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, यादी सकाळी काढली आणि अपडेट संध्याकाळी मारलं ना? मध्ये लाइट आली होती म्हणून? मी हो म्हटलं.

"आई, तुमची चूक नाई. मीच सांगतलं नाई तुमाले. यादी नाव ठेवलं म्हणून ते यादी नसते. तो सवाल असते, ज्याचे पैसे बाकी हायेत ते कोण, एवढाच. पडद्यावर एकदा उत्तर आलं की ते ध्यानात ठेवते, दुसऱ्यांदा दाखवलं तर तेच जुनं दाखवते. पण अपडेट मारलं की जुनं उत्तर पाहात नाई, नव्यानं सवाल विचारते. तोवर दुपारचा माल मुनीमजीनं भरून ठेवला व्हता. त्याचे पैसे बाकीच व्हते. त्याच्यावर पण खूण बसली."

मी म्हटलं, पण मी बघितलं होतं, दोनदा बघितलं होतं. ती म्हणाली, म्हणूनच तर फसलात. ती स्वतः नेहमी एका बैठकीत दोन्ही करायची, मध्ये उठायची नाही, त्यामुळे हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या माहेरी बोअर आहे, पण मोटारीला लाइट आल्यावर पळणं काय असतं ते तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. ते सांगावं असं मात्र तिला सुचलं नाही.

मग ती म्हणाली, लॅपटॉप उघडा. मालाच्या साच्यात तिनं आणखी एक गोष्ट घालून ठेवली होती, प्रत्येक मालाची नोंद कधी झाली ती वेळ. अशा अपडेटनं ती बदलत नाही. ती एकेक अक्षर सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. माल, टिंब, ऑब्जेक्ट्स, टिंब, फिल्टर. कंसात दोन गोष्टी, पैसे दिलेले, आणि नोंद त्या गुरुवारी दुपारनंतरची आणि त्याच दिवसाची. दोनदा तांबड्या ओळी आल्या. तिच्या आईचा मागून आवाज येत होता की पोरीला आता पडू द्या. तिसऱ्यांदा उत्तर आलं. धनजचीच नावं होती, बाहेरचं एकच. सगळ्यांत खाली आमचं स्वतःचं वांग्याचं कॅरेट. धनजच्या त्या दुपारच्या खेपेत मुलानं जाता जाता टेम्पोत टाकलं होतं. त्याचे पैसे आम्हालाही मिळाले नव्हते, आणि या सगळ्या गडबडीत आमच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

सून म्हणाली, हे चाचांना दाखवा, पण फोनवर नको, जाऊन दाखवा. मी म्हटलं, मुलाला पाठवते. ती म्हणाली, त्याच्यावरच तर आळ आहे, त्याचं कोण ऐकेल.

दुसऱ्या दिवशी मी अडतीवर गेले. लॅपटॉप सुनेच्या ओढणीत गुंडाळून छातीशी धरला होता. लिलाव संपायची वाट बघत कांद्याच्या पोत्यांजवळ उभी राहिले. दोनदा वाटलं, परत जावं. मुनीमजींनीच पाहिलं आणि चाचांना सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. मी खुर्चीच्या कडेवर बसले आणि सुनेनं सांगितलं तसं सांगायला लागले. अर्ध्यात शब्द सापडेनात. साचा, सवाल, लाइट, सगळं एकात एक झालं. चाचा शांतपणे ऐकत होते, पण त्यांना पटत नव्हतं ते दिसत होतं.

शेवटी ते म्हणाले, "भाभी, मशीन पहले बोली की पैसे दिये. आता तुमी म्हन्ता नाई दिये. मी कोणत्या मशीनचं आयकू?"

मी नोंदीच्या वेळेवर बोट ठेवून एवढंच म्हणाले, "हा माल दुपारी आला जी."

मुनीमजी वाकून बघत होते. त्यांनी वेळ वाचली, मग आणखी एकदा वाचली. मग चाचांना म्हणाले की धनजची पाकिटं तर त्या दिवशी आपण दुपारच्या आधीच बांधली होती, जो माल आलाच नव्हता त्याचे पैसे त्यात कसे घातले असतील. चाचांनी यादीत खाली पाहिलं, आमच्या वांग्याच्या ओळीवर. "ये तुम्हारा?" मी मान हलवली. "याचे पैसे भेटले?" मी परत मान हलवली, नाही म्हणून. ते मुनीमजींकडे बघून म्हणाले, "पोरगा खुदचेच पैसे चोरते काय?" मुनीमजी हसले. मला हसू आलं नाही.

चाचा म्हणाले, जितके तुम्ही दिलेत तितके माझ्याकडून निघतात, पण आज सगळे नाहीत. व्यापाऱ्यांकडून वसुली यायची आहे. अर्धे देतो, बाकीचे पुढच्या गुरुवारी. मी सोमवारचं काही बोलले नाही. मुनीमजींना ते ठाऊक असावं, कारण त्यांनी चाचांच्या कानात काहीतरी सांगितलं. चाचांनी गल्ल्यात आणखी हात घातला, खिशातलेही काढले. अर्ध्याहून थोडे जास्त झाले.

सोमवारी मुलगा ते घेऊन गेला. भरती करताना भरायचे पैसे तेवढ्यात भागले. मी इकडे वाफ्यात बसून मोबाइल पदराला बांधला होता, आणि तो वाजला की खुरपं टाकून आधी गाठ सोडायची. ऑपरेशन झालं. मुलगी झाली. सून शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा आपल्या आईला विचारती झाली की गुरुवारची यादी कोण काढणार.

यादी मीच काढली. या वेळी मुनीमजींशी बोलणं झाल्यावर जागची हलले नाही. मोटारीला लाइट आली तरी उठले नाही. तिसऱ्या ओळीनंतर उमटतो तो आकडा किती मालांवर खूण बसली त्याचा असतो हे सुनेनं आता सांगितलं होतं, तो यादीशी ताडून बघितला आणि मगच विहिरीकडे गेले.

त्या संध्याकाळी मला अडतीवर बोलावणं आलं. दवाखान्यातून सुट्टी शनिवारी होती आणि उरलेले पैसे भरल्याशिवाय ती मिळणार नव्हती, म्हणून मी दिवसभर तोच विचार करत होते. टेम्पो दुकानासमोर उभा होता, धनजचे तीन-चार जण माल उतरवत होते. ज्यानं हप्त्यावरून टोमणा मारला होता तोही होता. चाचांनी त्याला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, पैसे माझ्याच गल्ल्यात राहून गेले होते, पोरगा साफ आहे, त्याच्या आईनं घरच्या बाळंतपणाचे काढून तुम्हाला दिले. तो माणूस आपले कॅरेट उचलायला लागला. मुलगा त्याला हात द्यायला पुढं झाला.

मुनीमजींनी माझ्या हातात पाकीट दिलं. वर टेम्पोवाल्याची आई असं लिहिलं होतं. आत राहिलेले सगळे पैसे होते, वांग्याचेसुद्धा.